घरोघर भरलेला फॉर्म पुढे जातो कुठे?

प्रश्न : डॉक्टर, तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, आम्ही आशा घरोघर फिरून भरतो. प्रशिक्षणात कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतल्या देशाचं उदाहरण ऐकलं. तिथेही घरभेटीच करतात म्हणे. मग आजार वेळीच पकडणं त्यांना जमलं, ते आपल्याकडे का दिसत नाही?
— एक आशाताई, ता. अकोले

उत्तर : ताई, फरक आहे तो घरभेटीनंतर. कोस्टा रिकानं 1995पासून ‘एबाइस’ नावाची पथकं उभी केली, तीही आधी मागास, दुर्गम भागांत. पथकात डॉक्टर, साहाय्यक परिचारिका, नोंदी ठेवणारा कारकून आणि घरोघर फिरणारा आरोग्य तंत्रज्ञ. एका पथकाकडे साधारण 4 ते 5 हजार माणसं, आजारी असोत की धडधाकट. तंत्रज्ञ वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी जातो. एकटी राहणारी म्हातारी, जोखमीची गरोदर बाई, ताब्यात न येणारी शुगर असली की जास्त वेळा. त्याची नोंद ज्या डॉक्टरसमोर येते, त्याच्याच यादीत ते घर असतं.

आपल्याकडे डोंगरी भागातसुद्धा एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे 20 हजार लोकसंख्या धरलेली. मी अशाच केंद्रात नोकरी केली. ओपीडीच्या रजिस्टरात आलेल्यांची नावं. न आलेल्यांची कुठेच नाहीत. एका बाबांचा पहिला केसपेपर निघाला तो लकवा मारल्यावर. बीपी कधीपासून वाढलेलं होतं, देव जाणे. पाडा केंद्राच्या अगदी जवळ, पण कुणी मोजलंच नव्हतं. याची मला आजही चीड येते.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी लोक ताटकळतात. पण तो तंत्रज्ञ पगारी कर्मचारी आहे, तुमच्यासारखा कामागणिक मोबदल्यावर राबत नाही. हा फरक झाकून ‘कोस्टा रिकासारखं करा’ असं तुम्हाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

तोवर एवढं करा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्यातली एक दुपार मागून घ्या आणि फॉर्म घेऊन बसा. ज्यांचे गुण 4च्या वर, त्यांतल्या कुणाचं बीपी खरंच मोजलं, कुणी गोळ्या सोडल्या, हे नावानिशी बघा. गोळ्या सोडलेल्यांच्या घरी आधी जा. त्यांना वाटतं, बरं वाटतंय म्हणजे आजार गेला. आणि पगाराची मागणी संघटनेनं लावून धरावीच. पत्रावर माझी सही हवी असेल तर जरूर कळवा.