मशीन लर्निंग की कॉलमची नावं?

प्रश्न : मी कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये मला पायथन स्क्रिप्ट लिहायची आहे. कुठलीही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, दिली तरी तिचा निकाल शीर्षकांसह सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) उतरला पाहिजे. मी पहिल्या ओळीवरून कॉलमची नावं काढते, पण निकाल रिकामा असला की फाइल कोरीच निघते. मैत्रिणी मशीन लर्निंग शिकताहेत आणि मी कॉलमच्या नावांत अडकले आहे. हे सोडून तिकडे वळू का?

उत्तर : आधी तुझी कोरी फाइल पाहू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. तू नावं डेटाकडून मागतेस. ती क्वेरीच्या निकालाकडून मागायला हवीत. सिलेक्ट, म्हणजे माहिती मागवणारी क्वेरी, चालवल्यावर एकही ओळ आली नाही तरी निकालाला कॉलम असतातच. पायथनमध्ये ते कर्सरच्या, म्हणजे क्वेरी चालवून निकाल आणणाऱ्या ऑब्जेक्टच्या, 'डिस्क्रिप्शन' या गुणधर्मात मिळतात. प्रत्येक कॉलमसाठी सात गोष्टींचा संच असतो आणि त्यातली पहिली म्हणजे नाव. एवढा बदल केलास की रिकाम्या निकालाच्या फाइललाही शीर्षकांची ओळ येईल. क्वेरी ओळी परत करणारीच नसेल, समजा माहिती बदलणारी अपडेट असेल, तर तिथे 'नन', म्हणजे 'काहीच नाही', मिळतं. ती तपासणी विसरू नकोस.

आता त्या सातांतल्या बाकीच्या सहा गोष्टी छापून बघ. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर सहाही 'नन' दिसतील. तुझं काही चुकलेलं नाही. पायथनच्या डेटाबेस मानकाने, म्हणजे पेप २४९ने, फक्त नाव आणि प्रकार या दोनच गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, आणि एसक्यूलाइटचं मोड्यूल त्यातलंही नावच देतं. तीच स्क्रिप्ट पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालवलीस तर प्रकाराच्या जागी २३, १०४३ असे आकडे येतील. २३ म्हणजे पूर्णांक, १०४३ म्हणजे व्हारकॅर, बदलत्या लांबीचा मजकूर. पीएचपी या दुसऱ्या भाषेत हेच काम पीडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीचं 'गेट कॉलम मेटा' करतं, पण तेही सगळ्या ड्रायव्हरांत, म्हणजे त्या-त्या डेटाबेससाठीच्या जोडणीत, नाही. थोडक्यात, प्रत्येक डेटाबेस स्वतःबद्दल वेगवेगळं आणि कमीअधिक सांगतो. हा फरक हाताखालून गेलेली मुलगी मला मुलाखतीत भेटली, तर तिने खरं काम केलंय हे मला दोन मिनिटांत कळेल.

मीही काही वर्षं अहवाल काढायच्या स्क्रिप्टच लिहीत होतो. एकदा ग्राहक आणि ऑर्डर ही दोन टेबलं जोडून सगळे कॉलम मागवले. दोन्हींत 'आयडी' नावाचा कॉलम होता. मी नावांवरून डिक्शनरी बनवली, जिच्यात एका नावाला एकच किंमत राहते, तेव्हा नंतरच्या 'आयडी'ने आधीचा पुसून टाकला आणि ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात ऑर्डर क्रमांक गेले. एररचा संदेश कुठेच आला नाही. अहवाल पोचला, लोकांनी तो वापरलाही. मी डिस्क्रिप्शनमधली नावं मोजून 'दोन नावं सारखी आहेत, थांब' एवढी एक ओळ लिहिली असती तर ते टळलं असतं. तुझ्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ आजच घाल. क्वेरी लिहिणाऱ्यांना कॉलमला नाव देणारा शब्द 'अ‍ॅज' वापरून स्पष्ट नावं द्यायलाही सांग. 'अ‍ॅज' नसेल तर कॉलमचं नाव काय येईल याची हमी एसक्यूलाइट देत नाही, आवृत्ती बदलली की ते बदलू शकतं.

आता मशीन लर्निंगबद्दल. जरूर शिक, मी अडवत नाही. पण तिथेही मॉडेलला मिळतात ते कॉलमच, आणि आकडा समजून मजकूर आत गेला किंवा दोन रकान्यांची अदलाबदल झाली, तर ते शोधायला तुझ्यासारखंच कुणीतरी लागतं. डेटा इंजिनीअरिंग (डेटा गोळा करून वापरण्याजोगा ठेवणं) आणि बॅकएंड (सॉफ्टवेअरची पडद्यामागची बाजू) या दोन्ही वाटा तुझ्या आत्ताच्या कामातून सरळ निघतात. नुसती कॉलमची नावं काढता आली म्हणून कुणी नोकरी देणार नाही, हेही खरं. जोडीला एसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहायची भाषा, पक्कं हवं, जॉइन (टेबलं जोडणं) आणि इंडेक्ससकट (शोध वेगवान करणारी सूची). त्यासाठी अजून काही महिने दे.

इंटर्नशिप अर्धवट सोडू नकोस. स्क्रिप्ट निदान दोन डेटाबेसवर चालव आणि तिच्यासोबत चार चाचण्या लिही : रिकामा निकाल, सारखी नावं, 'अ‍ॅज' नसलेली बेरीज आणि ओळी न देणारी क्वेरी. रेझ्युमेत 'पायथन येतं' असं लिहिण्यापेक्षा या चार चाचण्या लिही. मुलाखतीत कोरी फाइल का निघत होती तिथून सुरुवात कर.