नव्या जलसुरक्षकासाठी: टीसीएल, हायपो की लाल औषध?

भाऊ, गावचं पाणी निर्जंतुक करणं आता तुझं काम. गावातली जाणती माणसं विहिरीत लाल औषध टाकायला सांगतील. ऐकू नकोस. हे लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट; त्याने पाणी रंगतं, पण जंतू मारायला ते कमकुवत आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाणी आधी तुरटीने निवळू दे, मग क्लोरीन दे. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. क्लोरीन गॅस मोठ्या योजनांचं काम, तिकडे जाऊच नकोस.

उरतं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप क्लोरीन) आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. हायपो मोजून सोडायला सोपं, पण आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कॅनमध्येच त्याचा जोर उतरतो. लहान ग्रामपंचायतीला मी टीसीएलच सांगेन. ताज्या पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं; टिनाच्या खोलीत पोतं उघडं राहिलं की तेही उडतं. सावलीत, कोरड्या जागी, तोंड घट्ट बांधून ठेव.

स्वच्छ पाण्याला 1000 लिटरमागे सुमारे 2.5 ग्रॅम पावडर, म्हणजे 10,000 लिटरच्या टाकीला 25 ग्रॅम. कोरडी पावडर टाकीत फेकू नकोस. प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशीसारखी कालव, पाणी वाढव, पावडरमधला चुना तळाशी बसू दे आणि फक्त वरची निवळी टाकीत ओत. नाका-डोळ्यांना रुमाल, चष्मा हवाच. अर्धा-एक तास थांबूनच नळ सोड.

ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन पिवळ्या रंगाने दाखवणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी) टाकीजवळ नको, शेवटच्या घरच्या नळावर कर. तिथे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. पिवळा रंग आलाच नाही तर मात्रा वाढव. आणि खारपाणपट्ट्यातला खारटपणा किंवा फ्लोराइड क्लोरीनने जात नाही, हे लोकांना स्पष्ट सांग.