फाट्यावर थांबण्याविषयी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मुलांबरोबरचे हे काम आता सोडावे का, असे चाळीसगावच्या स्टँडवर तू विचारलेस, त्याचे उत्तर मी त्या वेळी टाळले. इंटरनॅशनल अवॉर्ड या तरुणांच्या उपक्रमातला स्वतःचा सुवर्ण पुरस्कार घेऊन झाला, नंतर दोन वर्षे शाळेतल्या मुलांमागे डोंगरही चढलास, आणि आता तुला वाटते की मुले ब्राँझ ही पहिली पायरी पूर्ण करून निघून जातात, आपण मात्र तिथल्या तिथेच आहोत. तिथेच राहायचे असते. हे तुला सांगावे लागले, याचा मला रागही आला.

या अवॉर्डमध्ये ब्राँझला किमान 6 महिने लागतात, थेट सुवर्ण करायचे तर 18, आणि सेवेचा, कौशल्याचा, व्यायामाचा दर आठवड्याचा तास कोणाला उसना आणता येत नाही. मुलांकडून एवढ्या चिकाटीची अपेक्षा करणाराच दोन वर्षांत कंटाळला, तर त्यांच्या नोंदींवरच्या त्याच्या सहीला त्यांनी काय मोल द्यावे?

पाटणादेवीहून पितळखोऱ्याकडे चढताना, पुरस्कारासाठी करायच्या प्रवासाच्या एका सरावाच्या वेळी, माझी सहा मुले नाल्याच्या फाट्यावर चुकीच्या बाजूला वळली. दिवस हिवाळ्याचा होता, पाणी पुरेसे होते, धोका कसलाही नव्हता. नकाशा आणि होकायंत्र यांचा मेळ बसत नाही हे थोड्याच वेळात त्यांच्या त्यांनाच कळले असते. मी मागून ओरडलो. ज्याच्या हातात नकाशा होता त्याने तो घडी करून पिशवीत ठेवला, आणि पुढच्या प्रत्येक फाट्यावर तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मुख्य प्रवासाला तो आलाच नाही. पुरस्कार पंचविसाव्या वाढदिवसाच्या आत पूर्ण करावा लागतो. त्याचे ते वय केव्हाच उलटले.

म्हणून सांगतो, थांब. पाय घसरेल असा कडा, आग्यामोहोळ, कोणाला लागलेले ऊन दिसले तर क्षणही न दवडता पुढे हो. एरवी तोंड मिटून थांब. आणि पुढच्या वर्षी नवी मुले आली की त्याच नाल्यावर पुन्हा थांब.

माझे रविवार दुसऱ्यांच्या मुलांना गेले असे घरी आजही म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण फाट्यावर गप्प उभे राहायला मला चार हंगाम लागले. ते जमू लागल्यावर सोडून द्यायचे होते का? त्या एका मुलाचे देणे फेडण्यासाठी मी राहिलो असे कोणी म्हटले, तरी माझी हरकत नाही. राहिलो, एवढे खरे.

नोव्हेंबरातल्या सरावाला ये. नाल्याच्या अलीकडे पळसांच्या आड एक जागा आहे; तिथून फाटा दिसतो, मुलांना आपण दिसत नाही. पाण्याची बाटली भरून आण, तिथे बराच वेळ बसावे लागते.

कळावे.