अमेरिकेतल्या जुन्या प्लँटेशन हाऊसचे, म्हणजे गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या बंगल्यांचे, ते अजस्र पांढरे खांब खरंच संगमरवरी असतात का?

निदान लुइझियाना राज्यातल्या ओक ॲली या प्रसिद्ध प्लँटेशनचे तरी नाहीत. आत विटा, वरून गिलावा आणि पांढरा रंग.

मी ह्यूस्टनला राहतो, आईबाबा आलेले तेव्हा गाडीने न्यू ऑर्लिन्सला जाताना वाटेत व्हॅशरीला, ओक ॲलीच्या गावी, थांबलो. बाबांचं आख्खं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलंय, त्यामुळे बाकी सगळे फोटो काढत होते तेव्हा हे आपले खांबावर टकटक करत बसले आणि म्हणाले, "अरे हा तर गिलावा आहे!" बरोबरच होतं. मिसिसिपी नदीच्या त्या गाळाच्या जमिनीत बांधायला दगड मिळणार कुठून, माती मात्र हवी तेवढी, मग विटा तिथेच पाडायच्या, तिथेच भाजायच्या. १८३७ ते १८३९ मध्ये हे घर झालं, मालक जॅक रोमन, उसाचा बागायतदार. बांधलं मात्र त्याच्या गुलामांनी.

खांब आहेत २८, चारही बाजूंनी. समोर ओकची झाडंही २८, आणि ती घराच्या कितीतरी आधीची आहेत, म्हणजे लोक समजतात तसं घर बांधून मग झाडं लावली नाहीत, आयती सावली बघून घर तिथे उभं केलं. खांब ग्रीक देवळासारखे, तेव्हा फॅशनच होती ती, पण निव्वळ शोभेचे नाहीत हां. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर काढलंय ते त्यांच्यावर उभं आहे, त्यामुळे वरखाली चहूबाजूंनी रुंद व्हरांडा मिळतो आणि ऊन-पाऊस थेट भिंतीला लागत नाही. भिंती १६ इंची. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये सरळ हॉल, दोन्ही दारं उघडली की नदीवरचा वारा आरपार. आपल्याकडे कोकणातल्या घरात ओटीवरून परसदार दिसतं ना, डोकं तेच.

पण बांधकामात खरंच इंटरेस्ट असेल तर जवळच लॉरा प्लँटेशन आहे ते बघा, मला तर तेच जास्त आवडलं. १८०५ चं क्रिओल घर, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या पद्धतीचं, लाकडी, भडक रंगाचं, पांढरे खांब वगैरे भानगड नाही. पूर आणि ओल यांच्यामुळे आख्खं घर विटांच्या खांबांवर उचललेलं, राहायचं वरच्या मजल्यावर. सायप्रसच्या लाकडाचे वासे आधी कापून, त्यांच्यावर रोमन आकडे कोरून मग जागेवर जुळवलेत, चक्क २०० वर्षांपूर्वीचं प्रीफॅब! वाशांच्या मधल्या जागेत विटा. तेही गुलामांनीच बांधलेलं. २००४ मध्ये आग लागून बरंच जळलं, नंतर दुरुस्त केलंय.

आणि मागे गुलामांच्या खोपट्या आहेत त्या चुकवू नका. लॉरात जुन्या मूळच्या अजून उभ्या आहेत, ओक ॲलीत आहेत त्या अलीकडे नव्याने बांधलेल्या. बाबा लॉरातल्या एका खोपटीत बराच वेळ थांबले होते, बाहेर आले आणि म्हणाले, विटा भाजणारे झोपायचे ते इथे. ऑगस्टमध्ये तेवढं जाऊ नका, मुंबईचा मे परवडला.