कोवळ्या चेहऱ्याच्या नजरेला वजन नसते का?

‘माझा चेहराच पोरसवदा आहे, म्हणून मला कोणी जुमानत नाही,’ ही तक्रार नव्याने नोकरीला लागलेल्या तरुण मंडळींकडून मला वरचेवर ऐकायला मिळते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुणीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ती अधिक नेमकी मांडली. शेजारच्या वर्गावरचे उंचेपुरे, रुंद जबड्याचे सर आकृतीकडे नुसते पाहतात आणि सगळा वर्ग तिकडे पाहू लागतो. आपण पाहिले तर मात्र कोणाची मान वळत नाही, असे तिचे म्हणणे होते. जाड काड्यांचा चष्मा आणि रोज साडी हे उपाय करून झाले होते. साडी तिला शोभत होती, एवढाच त्याचा फायदा.

तिचे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. समोरचा माणूस जिकडे पाहतो तिकडे आपले लक्ष आपोआप ओढले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चेहऱ्यांच्या छायाचित्रांत फेरफार करून काही चेहरे अधिक पुरुषी, तर काही अधिक बायकी केले होते. नजर क्षणभरच दाखवली, तेव्हा पुरुषी चेहऱ्यांच्या नजरेमागे लोकांचे लक्ष अधिक जोराने गेले, पण ती दिसण्याचा अवधी वाढवला तसा हा फरक कमी होत गेला. पडद्यावरचे चेहरे म्हणजे भरलेला वर्ग नव्हे, हे मान्य करूनही मला त्यातला अवधीचा मुद्दा तिच्या कामाचा वाटला.

मी तिला माझ्या खोलीतल्या फळ्यावर भिंगाची किरणाकृती काढून समजावून सांगायला लावले. ‘ही नाभी’ (समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तो बिंदू), असे म्हणताना तिचे डोळे आकृतीला जेमतेम टेकत आणि मी पाहते आहे ना, याची खात्री करायला लगेच माझ्याकडे परतत. त्यामुळे त्या डोळ्यांत मला दिशा दिसत होती ती माझीच.

चेहरा आणि खांदे आकृतीकडे वळवावेत, बोट नाभीवर ठेवावे आणि वाक्य पुरे होईपर्यंत नजर तिथेच राहू द्यावी, असे आम्ही ठरवले. तेवढ्या वेळात वर्ग हातचा जाईल, ही तिची भीती सरावाशिवाय जाणारी नव्हती.

पुढच्या भेटीत तिने सांगितले की पुढचे बाक आता आकृतीकडे पाहतात, मागचे अजून नाहीत. मागच्या बाकांवरून तिच्या डोळ्यांची दिशा नीट दिसतही नसणार, तेव्हा त्यांच्यासाठी आकृती मोठी काढून हातात लांब पट्टी घ्यावी, असे मी सुचवले.