राग बाजूला ठेवून नव्हे, बरोबर घेऊन जा

ताई, मी ४१ वर्षांचा आहे आणि नाशिकला नोकरी करतो. मी सात वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. वडिलांनी आणि आजीने मला ती आजारपणात वारली असे सांगितले; ती हयात आहे हे मला दहावीत असताना एका लग्नघरात बायकांच्या बोलण्यातून कळले. गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. आईची अँजिओप्लास्टी झाली आहे, ती इंदूरला एकटी राहते आणि तिला मला भेटायचे आहे. त्याच आठवड्यात मुलीबरोबर ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा आई परत येते तो भाग पाहिला आणि एक कार्टून पाहून मी ढसाढसा रडलो. मुलगी घाबरून गेली. भेटावेसे वाटते, पण तिच्यासमोर माझा संताप बाहेर पडला तर? आणि ७४ वर्षांच्या वडिलांना कळले तर?
– एक वाचक, नाशिक

तुमच्या पत्रातल्या ‘एक कार्टून’ या दोन शब्दांत मला थोडी लाज दिसली, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी पहिल्यांदा दाखवलेला ‘मदर सिम्पसन’ हा भाग मीही पाहिला आहे आणि माझेही डोळे कोरडे राहिले नव्हते. शनिवारचे काम चुकवण्यासाठी मालिकेतल्या कुटुंबाचा बाप होमर स्वतःच्या मरणाचे सोंग करतो आणि ती बातमी खरी मानून त्याच्या थडग्यापाशी येते ती त्याची आई मोना, जी मेली असे तो २७ वर्षे समजून चालला होता. तू सिनेमाला गेला होतास तेव्हा ती वारली, असे त्याला बापाने सांगितलेले असते. तुमच्या घरातली गोष्ट पडद्यावर इतकी जशीच्या तशी समोर आल्यावर रडू फुटले नसते, तरच मला काळजी वाटली असती.

त्या भागात एक लहानसा प्रसंग आहे. पोराबाळांचा बाप झालेला, पोट सुटलेला होमर आईसमोर लहान मुलासारखा उड्या मारतो, ‘आई, इकडे बघ ना’ म्हणतो आणि ती शांतपणे बघत राहते. तुमच्या रडण्याचे मूळ मला त्यातच दिसते. तुमच्यातल्या सात वर्षांच्या मुलाकडे बघायचे राहून गेले आहे, आणि त्याला आईकडून खुलाशाच्या आधी ते बघणे हवे आहे.

आता संतापाविषयी. बहुतेक लोक तुम्हाला सांगतील की राग गिळा, मागचे उकरून काढू नका, आजारी बाई आहे. मी असे सांगणार नाही, आणि त्याचे कारण याच मालिकेत पुढे आहे. १९९५च्या भागात होमर आईवर रागावतच नाही; ती सापडली हाच आनंद इतका मोठा असतो की सोडून का गेलीस हा प्रश्न त्याच्या मनाला झोंबत नाही. शिवाय तिची बाजूही बळकट असते. होमरच्या मालकाची, बर्न्सची, जंतुयुद्धाची प्रयोगशाळा तिने साथीदारांबरोबर उद्ध्वस्त केलेली असते, पोलीस मागावर असतात, आणि दर आठवड्याला तिने पाठवलेली पार्सले टपाल कचेरीत पडून राहिलेली असतात. शेवटी तिला पुन्हा पळावे लागते आणि होमर रात्री गाडीच्या बॉनेटवर बसून एक शब्दही न बोलता आकाशाकडे पाहत राहतो.

तो न झालेला राग कुठे जातो? तो ११ मे २००८ च्या भागात बाहेर येतो. अमेरिकेत त्या दिवशी मातृदिन होता. आई पुन्हा दारात उभी राहते, आता कायमची राहायला आले म्हणते, आणि होमर तिला क्षमा करायचे साफ नाकारतो. रात्री त्याला पश्चात्ताप होतो, तो तिच्यासाठी भेटकार्ड तयार करून खाली जातो, तेव्हा ती शेकोटीसमोरच्या खुर्चीत मरण पावलेली असते. तो रागावला हे मला चुकीचे वाटत नाही. इतक्या वर्षांत ती समोर असताना त्याने तो राग बोलूनच दाखवला नव्हता, ही खरी चूक.

म्हणून जा, आणि राग बरोबर घेऊन जा. पहिल्या भेटीत तास-दीड तास बसा, शक्यतो मामांना थोडा वेळ बाहेर पाठवा, आणि ‘मी सात वर्षांचा होतो, तू का गेलीस, आणि नंतर का आली नाहीस’ हे तिला सरळ शब्दांत विचारा. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण घर सोडण्यामागे सासरचा जाच असू शकतो, मूल बरोबर नेऊ दिले नसेल, पण त्यानंतरच्या चौतीस वर्षांचे उत्तर तिचे तिलाच द्यावे लागेल. उत्तर अपुरे वाटले तर तसे सांगा. आवाज चढला तर चढू द्या, मात्र तिची प्रकृती पाहून थांबायचे भान ठेवा. वाकून नमस्कार करायचा की नाही हे त्या क्षणी जमेल तसे होऊ द्या. क्षमा केली की नाही, हे त्याच दिवशी ठरवून परतण्याची काहीच गरज नाही.

वडिलांना जाण्यापूर्वी सांगा, परवानगी मात्र मागू नका. तुझी आई पोलिसांना हवी असलेली गुन्हेगार आहे हे पोराला कसे सांगायचे, म्हणून होमरचा बाप खोटे बोलला. तुमच्या वडिलांनीही तेव्हा सुचेल ते केले असावे. त्यांचा जाब घेऊ नका, पण आईची पत्रे कधी आली होती का, एवढे जरूर विचारा. उत्तर काहीही मिळाले तरी इंदूरच्या गाडीत बसताना ते तुमच्याजवळ असलेले बरे. मुलीला पहिल्या वेळी नेऊ नका. ती घाबरली आहे, तेव्हा बाबा का रडला हे मात्र तिला आधीच नीट सांगा. लग्नघरात कुणाच्या तरी तोंडून कळण्याची पाळी तिच्यावर नको.

आणि मामांना आजच फोन करून तारीख कळवा. हृदयाचे दुखणे झालेल्या बाईला ‘बघतो, कळवतो’ म्हणत आणखी महिनाभर ताटकळत ठेवणे बरे नव्हे.