मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमसाठी क्लिपिंग करावं की कॉइलिंग?

तुम्ही लिहिलंय की विट्यात राहणाऱ्या तुमच्या आईंना 6 मिलिमीटरचा, न फुटलेला अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, निघालाय. एक डॉक्टर कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी बाहेरून क्लिप लावू म्हणतात, दुसरे जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, घालू म्हणतात. मी डॉक्टर नाही, तासगावचा द्राक्षबागायतदार. चार वर्षांपूर्वी माझ्या आईच्या वेळी आम्हीही इथंच अडकलो होतो.

घरात सगळ्यांचं एकच, ‘डोकं उघडू द्यायचं नाही.’ मामा तर 2002 च्या आयसॅट अभ्यासाची बातमी दाखवायचे. 2143 रुग्ण, आणि वर्षभरानंतर कॉइलवाल्यांची स्थिती क्लिपवाल्यांपेक्षा चांगली. मिरजेच्या सर्जननी शांतपणे सांगितलं, अभ्यास खरा आहे, पण तो फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमचा, आणि दोन्ही उपाय चालतील अशाच रुग्णांचा. तुमच्या आईंचा प्रश्नच वेगळा आहे.

मग त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. मी म्हटलं, हा तर द्राक्षाचा मणी. ते हसले. देठ बारीक असेल तर आत प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी नीट बसते, बाहेर येत नाही. आईच्या मण्याला देठच नव्हता म्हणा ना! तोंड रुंद, जागा कानशिलाच्या आतल्या बाजूच्या धमनीच्या दुबेळक्यात, आणि बुडातूनच एक फांदी निघालेली. तिथं कॉइल घालायची तर स्टेंटचा आधार लागला असता, आणि मग रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या, न चुकता. आमची आई बीपीची गोळीसुद्धा उपासाच्या दिवशी चुकवते. शिवाय कॉइल कालांतराने दबू शकते, म्हणून परत परत अँजिओग्राफी. त्या जागी सर्जनचा हात नीट पोचतो, म्हणून क्लिप ठरली. हाच मणी मेंदूच्या मागच्या बाजूला, खोल बॅसिलर धमनीच्या टोकाला असता, तर तेच सर्जन म्हणाले असते की कॉइल करा.

क्लिप सोपी गेली असं मात्र नाही. दोन महिने आईला तोंड पुरतं उघडत नव्हतं, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची. कानशिलाचा स्नायू कापावा लागतो, त्यामुळं असं होतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या बाबतीत तिसरा पर्यायही विचारा: बीपी ताब्यात ठेवून, ठरावीक काळानं स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवणं. लहान, न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझममध्ये वय आणि जागा बघून डॉक्टर तेही सुचवतात. दोघा डॉक्टरांना एकच विचारा, ‘हे तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?’ फक्त कॉइल करणारा कॉइलच सांगणार, त्यात त्याचा दोष नाही. जमलं तर दोन्ही प्रकार होणाऱ्या ठिकाणी, सर्जन आणि कॉइल करणारे एकत्र बसून बघतील असं करा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच गाठा. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, अँजिओग्राफीची सीडी न्या.

आणि एकदम अतोनात डोकं दुखलं, उलटी झाली, मान ताठली, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठा.

रिपोर्टमध्ये ‘नेक’, म्हणजे मण्याचं तोंड, त्याच्यापुढं किती मिलिमीटर लिहिलंय?